ठमामावशीची रिकामी पाटी

“कितवा?”

रविवारची सकाळ, बुवापाड्याचा मच्छीबाजार गच्च भरलेला, आणि समोरच्या ओट्यावरून एक बाई हा प्रश्न खणखणीत आवाजात विचारते आहे. मी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला विचारत असेल म्हणून. मागे कोंबडीवाला उभा होता.

“तुनाच इचारतंय गो. कितवा महिना?”

मला दिवस गेलेत हे तेव्हा जगात एकट्या मला ठाऊक होतं, आणि तेही चार दिवसांपासून. नवऱ्याला सांगायचं राहिलं होतं. सासूला सांगायला मी धीर गोळा करत होते. आणि इथे अर्धा बाजार वळून माझ्या पोटाकडे बघत होता! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला. “दुसरा,” मी कशीबशी पुटपुटले.

“मंग ये इकरं.” तिने पाटीतला एक रोहू उचलला, मोरलीवर धरला (मोरली म्हणजे तिची विळी), एका ओढीत पोट उघडलं आणि आतली अंड्यांनी भरलेली गाभोळी अख्खी, न फाटता बाहेर काढली. बाजूला काळजाचा तुकडा. दोन्ही पळसाच्या पानात बांधून माझ्या पिशवीत टाकलं. “याचं पैसं नाय. ही तुझी नाय, त्याची हाय,” ती माझ्या पोटाकडे बोट दाखवून म्हणाली. “तेल कमी टाक. नि सासूला सांग, नायतर मी सांगन.”

ही माझी आणि ठमामावशीची पहिली भेट. त्या पोटातली माझी पल्लवी आता एकोणीस वर्षांची आहे. मावशी जाऊन दोन पावसाळे झाले. पण ती होती तोवर “कितवा?” ऐकलं नाही असा एकही रविवार मला आठवत नाही, कारण बुवापाड्यात पोटुशी बाई नाही असा रविवार नसतोच.

तिला ते कळायचं कसं, हे मी पुढे ओळख झाल्यावर विचारलं. “पोट बघतेस काय मावशी?” तिने मला वेड्यात काढलं. “पोट कोनी पन बघल. दिसल्यावर बघलं त्यात काय मोठेपना? मी टाच बघतंय. बाईला दिवस गेले का टाच आधी जपून परते. तिला सोताला म्हाईत नसतं, टाचेला असतं.” आणि ती चुकल्याचं मी तरी कधी पाहिलं नाही. एका बाईने “नाही हो, तसलं काही नाही” म्हणत तिला झटकलं होतं. तीच बाई पंधरा दिवसांनी पेढे घेऊन आली. मावशीने पेढा तोंडात टाकला आणि गाभोळी बांधायला घेतली.

ठमामावशी इथलीच, आगरी समाजातली. आमची चाळ उभी राहण्याआधी इथे भाताची खाचरं होती, आणि पलीकडे चिंचतळं. तळ्यात तिचा नवरा जाळं टाकायचा, ती पाटी घेऊन बसायची. नवरा गेला, खाचरं गेली, तळ्याच्या वरच्या अंगाला छोट्या कारखान्यांचे पत्र्याचे गाळे उभे राहिले, काठाकाठाने भाजीचे मळे झाले. मावशीचा ओटा मात्र हलला नाही. खाऱ्या मच्छीचा तिला भारी तिटकारा. “समिंदराचं मावरं म्हंजी मिठाचा खरा चावल्यासारखं. आमच्या तल्याचं खा, डोल्यातून पानी येल.” शेजारच्या ओट्यावर बोंबील-बांगडेवाली बसायची, तिला ऐकू जाईल अशा बेताने हे रोज एकदा बोलायची.

तिच्या पाटीत शिळा मासा कधी नसे. कल्ला उचलून दाखवायची, “बघ, कसा लाल हाय. डोला बघ. माझ्याकडं बघतोय काय नाय?” मासा गिऱ्हाइकाकडे बघत नसेल तर ती तो विकत नसे, मांजरांना टाकायची. तिच्या नजरेवर तिचा फार भरवसा होता, आणि आमचाही.

गिऱ्हाईकं तिची दोन तऱ्हांची. उल्हासनगरहून सिंधी मंडळी यायची, त्यात लाजोभाभी ठरलेली. ती रिक्षातूनच ओरडायची, “मावशी, आनी रख दी ना मेरी?” गाभोळीला सिंधी लोक आनी म्हणतात. तिच्या दोन्ही सुनांची बाळंतपणं मावशीच्या आनीवर झाली असं ती अभिमानाने सांगायची. ही मंडळी मधले तुकडे न्यायची. आणि आमच्यासारखी चाळीतली गिऱ्हाईकं डोकी न्यायची. डोक्याचं कालवण स्वस्तात होतं आणि चवीला वरचढ. पोटुशी आणि ओल्या बाळंतिणीला मात्र जातपात, उल्हासनगरचा कॅम्प का आमची चाळ, काही न बघता गाभोळी आणि काळीज फुकट. तिच्या सासूने घालून दिलेली रीत होती ती. “पाटीतला पयला वाटा येनाऱ्या जीवाचा,” असं ती म्हणायची.

तर आता मी काय केलं ते सांगते.

मी उल्हासनगरला एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये कामाला आहे. प्रोफेसर नाही हं, काचेच्या नळ्या धुणारी, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणारी. बाजारात तरी मला सगळे ‘लॅबवाली’ म्हणायचे, आणि मी ते ऐकून जरा ताठ चालायचे, खोटं कशाला बोलू. आमच्याकडे तन्वी नावाची एक मुलगी संशोधनाला होती. तिला तळ्यातली मासळी तपासायची होती. मी छाती काढून म्हटलं, चल, आमच्या मावशीसारखा मासा कापणारी तुला जिल्ह्यात मिळायची नाही.

तन्वी हातमोजे घालून ओट्याशी बसली. मावशीला भलतीच गंमत वाटली. “माशाला हात लावाला मोजे? लगनाला आलीस काय?” तन्वी हसली आणि सांगत गेली तसं मावशी कापत गेली. मांसाचा तुकडा एका पिशवीत. कल्ले दुसऱ्या पिशवीत. मग तन्वी म्हणाली, “काळीज आणि गाभोळी वेगळी काढा मावशी, फाटू देऊ नका. ते सगळ्यांत महत्त्वाचं.”

“तुना पन ठाव हाय का!” मावशी खूश झाली. “सगली ताकद तिथंच असते.”

“ताकद नाही,” तन्वी सहज बोलून गेली. “गाळ्यांमधल्या पाण्यातून जो धातू येतो ना, शिसं वगैरे, ते आधी काळजात साठतं. आणि मळ्यातल्या फवारणीचं औषध चरबीत आणि गाभोळीत. मासा वरून एकदम ताजा दिसतो, पण आत हे साठत जातं. खाणाऱ्याच्या पोटात बाळ असेल तर सगळ्यात वाईट.”

मावशीचा हात मोरलीवर थांबला. तिने तन्वीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी खाली पिशव्यांवर चिठ्ठ्या लावत बसले, कारण वर बघायची माझी हिंमत झाली नाही.

तपासणीचे कागद यायला बरेच आठवडे लागले. ते आले त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. कागदात लिहिलं होतं ते एका ओळीत सांगण्यासारखं होतं: असायला नको ते आहे, आणि काळजात नि गाभोळीत सगळ्यात जास्त आहे. मावशीने ऐकून घेतलं आणि मला एकामागून एक विचारायला लागली.

“हलद-मीठ लावून ठेवलं तर जातं काय?”

“नाही मावशी.”

“चिंचेच्या कोलात?”

“नाही.”

“आमसुलं टाकली तर? दोन पान्यात उकललं तर?”

“नाही गं. धातू आहे तो. शिजत नाही, मरत नाही.”

तिने कागद हातात घेऊन उलटासुलटा केला.  मग म्हणाली, “तुना किती येला दिली मी?”

“सहा-सात वेळा असेल.”

“पल्लवी बरी हाय ना?”

“बरी आहे मावशी. अभ्यासात चांगली आहे.”

“मना बरं वाटावं म्हनून बोलू नको.”

“खरंच बरी आहे. आणि तेव्हा तळ्यात हे होतं का नव्हतं, कोणालाच सांगता येणार नाही. तेव्हा कोणी तपासलंच नव्हतं.”

“म्हंजी मी इख दिलं का अमरुत दिलं ते बी कोन सांगनार नाय.” आणि मग ती रडली. इतक्या वर्षांत मी तिला नवऱ्याच्या आठवणीनेही रडताना पाहिलं नव्हतं. “टाच बघून पोटातला जीव सांगतंय मी, नि माझ्या हातातलं इख मना दिसलं नाय! काय जलाचाय हा डोला!” मीही रडले. मी तर आईच होते ना त्यातली एक.

दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. कागद इंग्रजीत होता, बाजारात कोणाच्या बापाला कळणार नव्हतं. मी तसं सुचवलंही. म्हटलं, मावशी, आजपासून तळ्याचं विकू नकोस, झालं. कशाला सांगत सुटायचं? लोक तोंडाला काळं फासतील. तिने डोळे पुसले आणि मला असं काही झाडलं की आजही कान गरम होतात. “देताना मी भर बाजारात वरडून दिलं. मंग आता कानात सांगू काय?”

आणि ती खरंच निघाली. ज्या ज्या घरी तिची गाभोळी गेली होती, त्या त्या घरी. तिला प्रत्येक बाई आठवत होती. नाव नाही आठवायचं, कितवा होता ते आठवायचं. “ती तिसऱ्यातली, पायऱ्यांवरून पडली व्हती ती.” मी नाव सांगायचे. मावशी दारात उभी राहायची, आत यायची नाही, पाणी घ्यायची नाही. “मी तुना गाबोली दिली व्हती. त्यात इख व्हतं. मना म्हाईत नव्हतं. आता म्हाईत झालं म्हनून सांगतंय. तल्याचं खाऊ नको.” एवढंच. माफ कर हे शब्द तिने एकदाही वापरले नाहीत. ती म्हणाली, “माफी मागितली का समोरचीला ‘जाऊ दे’ म्हनाला लागतं. कशाला म्हनावं तिनं जाऊ दे?”

सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं असं नाही. एकीचा मुलगा सात वर्षांचा होऊनही नीट बोलत नव्हता. तिने मावशीला नाही नाही ते सुनावलं, दार आपटलं. मावशी बंद दारासमोर उभी राहिली, मग पुढच्या घरी गेली. उल्हासनगरला लाजोभाभीच्या घरी मी तिला रिक्षाने नेलं. भाभी सोफ्यावर बसून ऐकत होती. नातवंडं आत खेळत होती. तिने एकदा वळून त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाली, “मावशी, इधर का पानी, हवा, सब्जी, सबमें कुछ ना कुछ है. आज तक किसी ने दरवाजे पे आके बोला नहीं. तू पहिली आली.” आणि तिने मावशीला हाताला धरून आत घेतलं.

मग आम्ही ऑफिसात गेलो. कोणतं ते सांगत नाही, तिथल्या साहेबांनी आम्हाला खुर्ची दिली होती. त्यांनी कागद चाळला आणि म्हणाले, “घाबरण्याचं कारण नाही. तळं मोठं आहे, नमुने थोडे आहेत. नागरिकांनी सध्या फक्त डोकं आणि आतला भाग खाणं टाळावं.”

मावशी उठून उभी राहिली. “साहेब, डोकं नि कालीज कोन खातं ठाव हाय तुमाला? मधला तुकडा पैसेवाला नेतो. गरिबाच्या पातेल्यात डोकंच जातं. टाला म्हनता, मंग त्यांनी काय खावं? तुमचा ह्यो कागद?” साहेबांनी “बघतो” म्हटलं. सरकारी ‘बघतो’ म्हणजे काय ते आपल्याला ठाऊकच आहे. मी तिला पदर ओढत बाहेर आणलं.

त्या रविवारी मावशी नेहमीच्या वेळेला बाजारात आली. पाटी रिकामी. तिने ती ओट्यावर उपडी घातली, वर मोरली आडवी ठेवली आणि मागे मांडी घालून बसली.

“मावशी, काय आणलंय?”

“काय नाय. सांगाला बसलंय. चिंचतल्याचं घेऊ नको. बोंबील घे, बांगडा घे, तिच्याकडचं घे.” आणि तिने शेजारच्या बोंबीलवालीकडे बोट दाखवलं, जिला ती वीस वर्षं टोमणे मारत आली होती. बोंबीलवाली आ वासून बघत राहिली.

असे किती रविवार ती बसली! पाऊस असो, ऊन असो, रिकामी पाटी उपडी घालून. लोक हसायचे. कोणी म्हणालं म्हातारीला भ्रम झाला. कोणी उठवलं की कोंबडीवाल्याने तिला पैसे चारलेत. त्यावर मावशी कोंबडीवाल्याकडे बघून ओरडली, “अरे, दिलंस म्हनतात तर देऊन टाक ना, बिनपैशाचं नाव कशाला घेतंस?” कोंबडीवाला बिचारा पिसांच्या ढिगामागे लपला. पोटुशी दिसली की मात्र ती तशीच गरजायची, “कितवा?” आणि जवळ बोलावून हातात हात धरून सांगायची, तळ्याचं नको. आता तिला जगात एवढं एकच काम उरलं होतं: चिंचतळ्याचा मासा एकाही पोटुशीच्या ताटात जाता कामा नये.

यात खरा पेच होता तो बाळारामचा. चिंचतळ्याच्या मच्छीचा ठेका त्याच्याकडे होता, आणि बाळाराम म्हणजे मावशीच्या सख्ख्या भावाचा मुलगा. तिने त्याला अंगाखांद्यावर खेळवलेला. तो एका रविवारी तणतणत आला. “आते, कोनी आनली ती मोजेवाली पोरगी? कोनाचं काम हाय हे?”

मी तिथेच होते, कोथिंबीर पिशवीत कोंबत. कोंबत राहिले. कोथिंबिरीची जुडी इतकी आयुष्यात कधी निरखली नसेल. मावशीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “मी आनली,” ती म्हणाली.

“तू? आते, तू आपल्याच मानसाच्या पोटावर पाय देतंस?”

“पोटावर पाय दिला का मानूस वरडतो तरी, बालाराम. पोटात इख गेलं तर वरडत पन नाय.”

तो निघून गेला. मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही. पुढच्या रविवारी मी सकाळी लवकर गेले आणि मावशीच्या शेजारी ओट्यावर बसले. सगळा बाजार बघत होता. “ती मुलगी मी आणली होती,” मी कोंबडीवाल्यालाही ऐकू जाईल असं बोलले. मावशीने बाजूला सरकून जागा केली. “टेक नीट. परशील,” एवढंच म्हणाली.

मग आला तो रविवार. बाळारामने हट्टाला पेटून टेम्पोच आणला. मावशीच्या ओट्याच्या बरोबर समोर लावला. बर्फावर कटला माशांची रांग, एकेक मांडीएवढा, लालभडक कल्ले उघडे. त्याचा माणूस ओरडत होता, “चिंचतल्याचं ताजं मावरं, घ्या, अर्ध्या भावात!” अर्धा भाव म्हटल्यावर आमच्या चाळीतले पाय टेम्पोकडे वळले. मावशी मोरलीवर हात ठेवून बसून राहिली. मला वाटलं, संपलं. आज ही बाई हरली.

तेवढ्यात ती दार आपटणारी आली. मुलाचा हात धरून. टेम्पो आणि गिऱ्हाईक यांच्या मधे येऊन उभी राहिली. एक शब्द बोलली नाही, नुसती उभी. तिच्यामागून ती पायऱ्यांवरून पडलेली आली, लेकीला घेऊन. मग आणखी दोघी. मग रिक्षा थांबली आणि लाजोभाभी उतरली, दोन सुना आणि नातवंडांसह. मग मी पल्लवीला फोन केला, “उठ आणि ये,” म्हटलं. ती आली, डोळे चोळत, गाऊनवर ओढणी घेऊन. बघता बघता टेम्पोसमोर बायका आणि पोरं यांची भिंतच उभी राहिली. कोणी घोषणा दिली नाही. बाळारामचा माणूस ओरडायचा थांबला.

मावशी उठली. गर्दीने वाट दिली. ती टेम्पोशी गेली आणि सगळ्यात मोठ्या कटल्याचा कल्ला उचलून पाहिला. “झ्याक हाय मावरं. बालाराम, ह्यो मी घेतंय. पन माझ्यासाठी नाय. तुझ्या सुनेला दे. चौथ्यात हाय ती.”

बाळारामचं तोंड उतरलं. सून पोटुशी आहे हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

“नेतंस ना घरी? गाबोली तिला, कालीज तिला. आपली रीत हाय.” त्याने नजर बर्फाकडे वळवली. “का नाय नेत? बोल ना. मी बोलू? तुझ्या घरात वरीसभर तल्याचं मावरं शिजलं नाय. तुझी बायको हितंच, बोंबीलवालीकडून बांगडे नेते, पदराखाली लपवून. मी दर रईवारी हितं बसतंय, बालाराम. माझा डोला येकदा चुकला, रोज चुकत नाय.”

बोंबीलवालीने मान हलवली. हो, नेते.  बाळारामने आत्याकडे बघितलं, आणि शपथेवर सांगते, तो रडायच्या बेताला आला होता. मग त्याने बर्फावर ताडपत्री ओढली आणि टेम्पो मागे घेतला. चिंचतळ्याची मच्छी बुवापाड्याच्या बाजारात त्यानंतर आली नाही. बायकांनी मावशीला उचलायचंच तेवढं बाकी ठेवलं. ती सगळ्यांवर खेकसत होती, “सोरा, सोरा, माझी कंबर मोरल!”

इथे थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण तीन महिन्यांनी लाजोभाभीचा फोन आला. टेम्पो विठ्ठलवाडीला उभा राहतो, स्टेशनबाहेर, डेपोच्या बाजूला. तिथे कोणाला चिंचतळं माहीत नाही. तेच कटले, अर्धा भाव.

मी मावशीला सांगावं की नाही या विचारात दोन दिवस काढले. गुडघे गेलेले, दम लागायचा. शेवटी सांगितलं.  रविवारी सकाळी बघते तर बस स्टॉपवर उभी, काखेत रिकामी पाटी, पदरात गुंडाळलेली मोरली. जन्मात जिने आपला ओटा सोडून दुसरीकडे पाटी मांडली नव्हती ती!

“मावशी, अगं तिथे तुला कोण ओळखतं? कोण ऐकेल तुझं?”

“हितल्यांचीच पोरं पोरं काय? तिथल्यांची काय दगरं हायत?” बस आली. “बघतंस काय? पाटी धर.”

वर्षभर आम्ही गेलो. विठ्ठलवाडीच्या लोकांनी तिला आधी भिकारीण समजून पाटीवर नाणी टाकली. उपड्या पाटीवरून ती घरंगळायची आणि मावशी ती उचलून माणसाच्या मागे धावायची, “घे तुझं! मी मागाला नाय बसली, सांगाला बसली!” टेम्पोवाल्याने दोनदा तिची पाटी लाथेने उडवली. दोन्ही वेळा तिने ती उचलली, झटकली आणि चार बोटं पुढे सरकवून मांडली.

मग तिला ताप आला आणि उतरला नाही. मी भेटायला गेले तेव्हा बाळाराम तिच्या उशाशी बसून पेज भरवत होता. त्याच्या सुनेला मुलगी झाली होती, ती मावशीच्या कुशीत झोपली होती. ठेका त्याने सोडला होता, दुसऱ्या कोणी घेतला होता. टेम्पो तोच होता. मावशीने हाताने खाटेखाली खूण केली. मी वाकून बघितलं. पाटी आणि मोरली.

“ने,” ती म्हणाली.

“मावशी, मला बोंबीलसुद्धा नीट कापता येत नाही.”

“कापाला कोन सांगतंय? मांडून बस.”

ती गेली त्यानंतरच्या रविवारी मी विठ्ठलवाडीला गेले. पाटी उपडी घातली, वर मोरली ठेवली, मागे बसले. आणि बसून राहिले. तोंडातून शब्द फुटेना. कॉलेजातले कोणी पाहिलं तर? शिपाई, क्लार्क सगळे याच बाजूला राहतात. दुसऱ्या रविवारीही तेच. लोक येत होते, टेम्पोवरून मासे नेत होते, आणि मी लॅबवाली, सगळं माहीत असलेली, पदर सावरत गप्प बसले होते. मावशीने बघितलं असतं तर मला पाटीसकट उचलून फेकलं असतं.

तिसऱ्या रविवारी एक मुलगी डेपोच्या बाजूने आली. विशी-बाविशीची, खांद्याला पर्स, हातात कापडी पिशवी. टेम्पोकडे निघाली होती. पोट सपाट. मी तिच्या पायांकडे बघितलं. चपलेतली टाच ती टेकवत होती, पण उशिरा, जपून, जमीन विचारून घेतल्यासारखी.  चुकलं तर? भर रस्त्यात परक्या पोरीला असं विचारायचं? ती टेम्पोशी पोचली. माणसाने कटला उचलून दाखवला. तिने मान डोलावली.

“कितवा?”

हा माझाच आवाज होता, आणि तो इतका मोठा निघाला की रिक्षावाले वळले. टेम्पोवाल्याच्या हातातला कटला तसाच राहिला. मुलीने मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला विचारतेय का म्हणून. मागे कोणीच नव्हतं.

“तुलाच विचारतेय गं बाई. कितवा महिना?”

तिचा चेहरा लाजेने लाललाल झाला. “दुसरा,” ती पुटपुटली.

“मग ये इकडे,” मी म्हटलं, आणि बाजूला सरकून जागा केली.